चांदमारीमागचं शेत

आमच्या गावाच्या माळावर दरसाल हिवाळ्यात रेल्वेच्या हौशी शिपायांची छावणी पडायची. हौशी म्हणजे कसे, तर वर्षभर कोणी इंजिन चालवणारा, कोणी गार्ड, कोणी रूळ तपासणारा. सगळे गोरे, नाहीतर अर्धगोरे. सिकंदराबादेकडून गाडीनं यायचे, दहा दिवस खाकी घालायचे, बंदुका घेऊन कवायत करायचे. उद्या काही दंगाधोपा झालाच तर रेल्वे आपणच राखायची, असं त्यांचं ठरलेलं. गावात कोणी त्यांना वालंटेर म्हणे, कोणी दहा दिवसांची पलटण. त्यांची दहा दिवसांची हौस व्हायची आणि आमची दहा दिवसांची वेठ. राज्य निजामाचं, माळ सरकारी, रेल्वे सरकारी, आणि घोड्यांना गवत कापायला अन् तंबूंना पाणी भरायला आम्ही.

माळाच्या एका टोकाला मातीचा उंच दमदमा होता, तोही गावानंच वेठीला जाऊन रचलेला. त्याच्यापुढं निशाणाच्या फळ्या उभ्या करायच्या आणि लांबून गोळ्या झाडायच्या. हीच चांदमारी. चुकलेल्या गोळ्या दमदम्याच्या मातीत घुसाव्यात अशी योजना होती. पण वर्षातून दहा दिवस बंदूक धरणाऱ्याचा नेम तो काय असणार! दमदम्यावरून सूं करत गोळ्या पलीकडं जायच्या, आणि पलीकडं अगदी नाकासमोर आमचं शेत होतं.

म्हणून छावणी पडली की पाटील दवंडी द्यायचा, चांदमारी चालू असताना दमदम्यामागच्या शेतात कोणी पाऊल टाकायचं न्हाई. तेव्हा आमची ज्वारी निसवलेली असायची. राखण नाही म्हटल्यावर पाखरांची चंगळ. दादा बांधाच्या अलीकडं उभा राहून नुसता बघायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. बाप मी रांगत असताना गेला, तेव्हा घर यानंच ओढलं. मला नांगराला जुंपायचं सोडून यानं उदगीरला शाळेत घातलं. सातवीपर्यंत उर्दूतून शिकलो. आठवड्याच्या भाकरी तो स्वतः डोक्यावर घेऊन यायचा, सात कोस. शिकून मी काय झालो? घरी बसलो. शेतीत हात चालेना आणि नोकरी मिळेना. तरी दादानं कधी तोंड वाकडं केलं नाही. वैनी मात्र चिडवायची, "भाऊजी, बैलाला उर्दूतून सांगा की, मराठीतून ऐकून न्हाई राहिला." वैनी जळकोटकडची, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. पदरी दोन बारक्या पोरी.

त्या साली छावणीच्या दिवसांत येळवस आली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात काळं कुत्रं राहत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा. मग घरातला कर्ता माणूस डोक्यावर घोंगडं घेऊन, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे बारकी घागर, हातात धरून, शेताच्या चारी बांधांवरून आंबील शिंपत फेरी घालतो. "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं ओरडत जायचं. आमच्या घरात नियम असा, की एकदा फेरी सुरू झाली की थांबायचं नाही, मागं बघायचं नाही, दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. फेरी मोडली की शेत मोडलं. आईनं हे दादाला सांगितलं होतं, तिला तिच्या सासऱ्यानं.

"तू साहेबाकडं जा," दादा म्हणाला. "तुला त्यांची भाषा येती. येळवशीला दुपारच्याला तेवढी गोळी बंद ठेवा म्हणावं."

"ऐकल का तो?"

"विचारायला काय जातंय? न्हाई म्हणला तर न्हाई."

मी आधी जोशीबुवांच्या दारात गेलो. अमावास्या कधी, विचारलं. ते अंघोळीला निघाले होते. म्हणाले, "बुधवारी दुपारी लागती." पुढं काहीतरी म्हणत होते, पण मला कुठला दम! मी निघालोच. उर्दू बोलून दाखवायची संधी चालून आली होती.

छावणीचा साहेब म्हणजे इंजिन चालवणारा लालबुंद गडी. खाकीवर पट्टे होते, पण नखांतलं काळं वंगण काही निघालेलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"कौन दिन?"

"बुध, साब."

त्यानं वहीत लिहिलं. "बुध को पूरा दिन बंद. मैं ज़बान का पक्का आदमी हूँ." मग माझ्याकडं वरून खालून बघत म्हणाला, "तुम साफ़ बोलता है. रेलवे में काम करेगा? मेरे को ऐसा आदमी माँगता, जो एक बार बोले और बराबर बोले."

मी हवेतच घरी आलो. रेल्वेची नोकरी! वैनीला सांगितलं तर ती म्हणाली, "आता शिट्टी वाजवत जेवायला या."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर येळवशीचं बोलणं निघालं, आणि जोशीबुवा म्हणाले, "अमावास्या बुधवारी दुपारी लागती, पर येळवस बेस्तरवारी. उगवतीला अमावास्या पाहिजे." बेस्तरवार म्हणजे गुरुवार. यात विशेष काही नव्हतं. शेंबडं पोरही जाणतं, की सणाला उगवतीची तिथी धरतात. गावात एकटा मीच असा शिकलेला, की ज्याला हे आठवलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दादानं माझ्याकडं बघितलं. "तू साहेबाला कोणता वार सांगितलास?"

"बेस्तरवारच," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. मनात म्हटलं, उद्या जाऊन दुरुस्त करून येऊ, याला कशाला कळायला पाहिजे?

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गेलो. खरंच गेलो. तंबूबाहेर साहेब चार जणांत पत्ते खेळत बसला होता. खानसामा म्हणाला, थांब. मी थांबलो. तेवढ्यात साहेब एका अर्धगोऱ्या पोरगेल्या शिपायावर खेकसला. त्यानं पहाऱ्याची वेळ आधी एक सांगितली होती, आता दुसरी सांगत होता. साहेब त्याला म्हणाला, "एक बात बोलो! एक! ऐसा आदमी मेरे काम का नहीं." मी तिथंच उभा होतो. कोणी माझ्याकडं बघितलंही नाही. माझे पाय मागं वळले, ते सरळ वेशीत आले.

वाटेत मी स्वतःला समजावलं. चांदमारी बहुतेक सकाळची असते. दुपारी साहेब लोक जेवून घोरतात. येळवशीची पूजा दुपारची. म्हणजे बिघडतं काय? झाकली मूठ राहील, नोकरीही राहील. असा हिशोब मी सातवी शिकलेल्या डोक्यानं केला.

दादानं पाटलाला सांगितलं आणि पाटलानं माझ्या शब्दावर दवंडी दिली, बेस्तरवारी दुपारपासून चांदमारी बंद, बिनघोर शेतात जावं. वरून लेखी हुकूम नव्हता काही नव्हता. माझा शब्द तेवढा होता.

बुधवारी माळ गप्प होता. एक गोळी नाही. पाटलानं मला रस्त्यात हटकलं, "आज का रे बंद?"

"साहेब लोकांचा काही खेळ असल."

तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, की आज बुडालेली चांदमारी हे लोक कधीतरी भरून काढणार. साहेब जबानीचा पक्का होता, तसा कामाचाही पक्का होता. गुरुवारी त्यानं दिवसभर गोळी चालवायची ठरवली होती. आमच्यामुळं बुडालेलं काम गुरुवारी दुपारी व्हायचं होतं. हे मला मागाहून कळलं.

गुरुवारी सकाळी बार झाले, मग थांबले. आम्ही डोईवर दुरड्या घेऊन शेतात गेलो. ज्वारी माणूसभर उंच, हरभऱ्याला घाटे. दादानं पाच पेंढ्यांची कोप केली, वैनीनं तिच्यावर तिची लग्नातली शाल घातली. पोरी उंड्यांवर डोळे लावून बसल्या. पूजा झाली. दादानं घोंगडं डोक्यावर ओढलं, बिंदगं घेतलं आणि निघाला. एकटाच. दरसाली मी मागं मागं जायचो. त्या दिवशी म्हणालो, पाय दुखतोय. पायाला काही झालं नव्हतं. माळाच्या बाजूच्या बांधावर जायची माझी छाती होत नव्हती. बघा, म्हणजे मला आतून माहीत होतं. आणि तरी मी त्याला जाऊ दिलं.

तो दोन बांध फिरला. तिसरा बांध माळाकडचा. तो त्या बांधावर चढला आणि बार सुरू झाले.

पहिली गोळी कडब्यावर काठी मारावी तशी ज्वारीतून गेली. वैनी उठून पळायला लागली, तिला मी हाताला धरून खाली ओढलं, पोरींना पोटाखाली घेतलं. आणि ओरडलो, "दादा, आडवा हो! आडवा हो रं!"

त्यानं ऐकलं. ऐकलं असणारच, मधे शेताचा एक तुकडाच काय तो होता. पण त्यानं वळून बघितलं नाही. पाय जरा भराभर टाकायला लागला, बस. "ओलगे ओलगे" चालूच. घोंगड्यातून त्याचा हात बाहेर यायचा, आंबील शिंपायचा, आत जायचा. फेरी पुरी केल्याशिवाय तो खाली बसणार नव्हता. मी पळत जाऊन त्याला पाडायला पाहिजे होतं. पन्नास-साठ पावलं होती. मी मातीत तोंड घालून पडून राहिलो. मेल्याहून मेलेलं वाटतं आजही.

मग आवाज थांबला. डोकं वर केलं तर दादा बांधावर खाली बसला होता. बिंदगं हातातच होतं.

गोळी पोटात होती. मी वैनीची शाल फडकावत दमदम्याला वळसा घालून माळावर धावलो, तेव्हा कुठं बंदुका थांबल्या. छावणीचा डॉक्टर आला. त्यानं बघितलं आणि साहेबाकडं बघून मान हलवली. दादाला बाजेवर घालून तंबूत नेलं. शुद्ध होती. मला वाटलं, आता विचारतो. मी वाट बघत होतो, की विचार, विचार एकदाचा. तो म्हणाला, "फेरी राहिली रं." एवढंच. दिवस मावळायच्या आत गेला.

दुसऱ्या दिवशी उदगीरहून अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे त्या काळचे फौजदार. हैदराबादी माणूस, मराठीचा गंध नाही. साहेबाच्या तंबूत पंचनामा बसला. अमीन, त्यांचा तसाच बिनमराठी मुन्शी, साहेब, पाटील आणि दुभाष्या म्हणून मी. दुसरं कोण होतं गावात, उर्दू येणारं? पाटलाला येत होती कामापुरती, पण तो सरकारी माणूस.

साहेबानं वही काढली. "यही आदमी आया था. बुध बोला. मैंने बुध बंद रखा. पूछो इसको."

"बुध बोले थे?" अमीननं मला विचारलं.

"जी."

"फिर तुम्हारा भाई जुमेरात को क्यूँ गया?"

बघा, इथं दोन वाटा होत्या. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मला धरून नेलं असतं, किंवा नसतंही. पाटलालाही धरलं असतं, बिनहुकमाची दवंडी दिली म्हणून. पाटील माझ्याकडंच बघत होता.

"मैंने मना किया था, साब," मी म्हणालो. "नहीं माना."

पाटलानं डोळे मिटले आणि उघडले. मुन्शी लिहीत होता.

मग वैनीला आत बोलावलं. ती पदर पुढं ओढून, बारकीला कडेवर घेऊन उभी राहिली. रडत नव्हती. अमीननं विचारलं, "इनको क्या कहना है?" मी मराठीत विचारलं. वैनी साहेबाकडं बोट करून म्हणाली, "माझ्या दिरानं येऊन यांना बेस्तरवार सांगितला होता. यांनी आधी हाव म्हणून मग शब्द मोडला. दवंडी झाली, मगच आम्ही गेलो. माझ्या धन्याला यांनी मारलं. हे लिहा म्हणावं. सगळं लिहा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊजी, भिऊ नका. जसंच्या तसं सांगा."

"क्या बोली?" अमीन.

"बोलती है, घर में सब ने मना किया था. सुने नहीं. किसी पर इल्ज़ाम नहीं."

मी हे मोठ्यानं बोललो. साहेबाच्या डोळ्याला डोळा देऊन बोललो, कारण दुसरीकडं कुठं बघायची सोय नव्हती. वैनी माझ्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. मुन्शीनं कागद पुढं केला. तिनं अंगठा दिला.

बाहेर आल्यावर पाटील हळूच म्हणाला, "बरं केलंस. गेलेला काय परत येतो?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांना वाटलं, भावाच्या दुःखानं डोकं फिरलंय.

महिन्याभरात रेल्वेचा कागद आला. साहेबानं शब्द पाळला होता. लोक म्हणाले, चुकी केली म्हणून मन खातंय त्याचं. मी म्हणालो, जात नाही. वैनी म्हणाली, "जा. पोरी कशावर वाढवायच्या?" मी गेलो. सांधेवाल्याचं काम, रूळ बदलायचं. तीस वर्षं केलं. त्यावर घर चाललं, पोरी नांदायला गेल्या. मी लग्न केलं नाही. लोकांनी मला देवमाणूस करून टाकलं, भावासाठी संसार सोडला म्हणून.

आणि वैनी! पाहुणा आला की तिचं सुरू व्हायचं. "भाऊजी तंबूत साहेबाच्या तोंडावर बोलले. डोळ्याला डोळा लावून. अमीन होता, तरी भ्याले न्हाईत." जावयांना सांगायची, नातवंडांना सांगायची. मी तिच्यावर डाफरायचो, "गप बस की! किती वेळा तेच ते?" ताट सारून उठायचो. ती नातवंडांना खुणेनं सांगायची, आठवण झाली की असं होतं त्यांना.

निवृत्त होऊन घरी आलो त्या हिवाळ्यात, येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी, आम्ही दोघं ओट्यावर भज्जीसाठी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मला राहवेना. सांगून टाकलं. बुधवार सांगितला होता ते, पत्त्यांचा डाव ते, पाय दुखल्याचं सोंग ते. तंबूत ती काय म्हणाली आणि मी काय सांगितलं तेही, शब्दन्‌शब्द. आणि तिनं कशावर अंगठा दिला ते. सांगताना मी तिच्याकडं बघितलं नाही. तिची बोटं चालू होती, शेंगा फुटण्याचा आवाज येत होता.

"झालं बोलून?" ती म्हणाली.

"हाव."

"मग पुन्हा हे कुणाम्होरं बोलू नका. साहेबाचं पाप अंगावर घेऊन कशाला राहिलात? मी होते की तिथं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तुम्ही कसं बोललात ते."

"वैनी, तुला उर्दू येत न्हाई!" मी ओरडलो. "तुला एक अक्षर कळलं नव्हतं!"

"उर्दू न्हाई येत," ती म्हणाली. "पर माणूस तर कळतो की."